सिहोऱ्यातली बर्फाची गाडी

सबंध भंडारा जिल्ह्यात बर्फावर चालणारी गाडी एकच आहे, ती दुरुस्त करू शकणारा माणूस एकच आहे आणि तिचं इंजीन मारून टाकणारा माणूसही एकच आहे. गाडी सिहोऱ्याला एका टिनाच्या शेडात उभी आहे. दुरुस्त करणारा माणूस म्हणजे माझे मामसासरे, बायकोचे सख्खे मामा. आणि इंजीन मारणारा मी. यातली शेवटची गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही आणि मामांना तर नाहीच. मामांना वाटतं, ते त्यांच्याच हातून झालं. त्यांना तसं वाटू दिलं तेही मीच. हे सगळं नीट सांगायचं तर आधी मामा सांगायला हवेत, आणि मामा थोडक्यात सांगता येत नाहीत.

मामा फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. निवृत्तीनंतर सगळे घरी येतात, शेत बघतात, सरपंचाशी भांडतात. मामा तिकडेच वर, बर्फाच्या मुलखात, पर्यटकांना स्नोमोबाइल भाड्याने देणाऱ्या एका दुकानात नोकरीला लागले. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रणगाड्याला असतो तसा रुंद रबरी पट्टा, वर दोघांना बसायची ऐसपैस सीट, मागच्याला टेकायला पाठ, सामानाची पेटी आणि चालवणाऱ्याचे हात गारठू नयेत म्हणून आतून गरम होणारी मूठ. लांबच्या सफरीची गाडी. तर त्या दुकानाचा मालक एका वर्षी धंदा गुंडाळून मुलाकडे निघून गेला आणि जाताना त्याने मामांना आठवण म्हणून दुकानातली सगळ्यात जुनी गाडी देऊन टाकली. दुसऱ्या कोणी ती हात जोडून नाकारली असती. मामांनी ती नागपूरला येणाऱ्या सफरचंदांच्या ट्रकमध्ये पेट्यांच्या मधोमध झोपवली, तिच्याशेजारी स्वतः झोपले, आणि नागपूरहून टेम्पोत घालून सिहोऱ्याला आणली. मामी सांगते, त्यानंतर कितीतरी दिवस गाडीला सफरचंदाचा वास येत होता आणि मामांना गाडीचा.

गाव बघायला जमलं. कोणी म्हणालं ही तलावात चालते, कोणी म्हणालं विमानाचा खालचा भाग आहे. शेजारच्या एका काकांनी पट्ट्यावरचे रबरी दात मोजून, हे रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, यंत्र आहे असा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन याच्यावर सबसिडी किती, अशी चौकशी करून आले. "बर्फावर चालते," असं मामांनी सांगितल्यावर एक म्हातारी फार कळवळून म्हणाली, "मंग बापा, इथं कायले आनली? इथं तं बर्फ रसवंतीवाल्यापाशीच भेटते." मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने जावयाची जात विचारली होती.

मामांचा दिनक्रम आपल्या सहा ऋतूंवर चालत नाही. त्यांच्याकडे दोनच ऋतू, सीझन आणि ऑफ-सीझन. दिवाळीच्या आधी, लोक घरं सारवत असतात तेव्हा, मामा सीझनची तयारी सुरू करतात. गाडीचा मागचा भाग लाकडी घोडीवर चढवायचा, पट्टा हाताने गरागरा फिरवून तो एका अंगाला सरकतो का बघायचं, स्कीच्या खालच्या पट्ट्या चाचपायच्या, क्लच उघडून आतली काळी भुकटी फुंकायची. फाल्गुनात ऑफ-सीझन लागतो. मग टाकी कोरडी करायची, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे थेंब सोडायचे, सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबायच्या, नाहीतर उंदरं बाळंतपणाला येतात. या दोन्ही ऋतूंत मामीची परात नाहीशी होते. एकदा मी गेलो तर मामी पीठ घेऊन दारात उभी, आणि अंगणात परातीत रॉकेल घालून बेरिंगा बुडवून ठेवलेल्या. मामी मला म्हणाली, "पाहून घ्या जवाईबापू. या घरात पीठ भिजवाले परात नाही, आन बेरिंगा आंघोळ करून राहिल्या." मामा आतून ओरडले, "त्या घान राह्यल्या तं गरम होतात!" मामी म्हणाली, "मी बी गरम झाली आहो, मले नाही कोणी बुडवत."

सगळ्यात मोठा सोहळा मात्र मे महिन्यातला. पाहुणा आला, हातपाय धुतले, पाणी प्याला, की मामा त्याला शेडात घेऊन जाणार. वरती टिन तापून कडकड वाजत असतं. मामा बॅटरी जोडणार, बटण दाबणार आणि पाहुण्याचा हात धरून मुठीवर ठेवणार. "धरा, धरा. गरम होऊन राह्यली का नाही?" माझ्या साडूने एकदा घाम पुसत सांगितलं, "मामाजी, तुमच्या शेडात आज दाराची कडी बी गरम आहे." मामांनी कडीला हात लावून पाहिला. मग अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, "कडी उन्हानं गरम आहे. हे इंजिनिअरिंगनं गरम आहे."

गावात कोणाचा मोटारपंप, मळणीयंत्र, फवारणीचा पंप बिघडला की लोक मामांकडे येतात. ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतात, डॉक्टर छातीला नळी लावतो तसे. बहुतेक वेळा यंत्र सुधारतं. पण मामांचं सगळं ज्ञान शून्याच्या खालचं. एका बैलबंडीच्या आसाला त्यांनी वरून आणलेलं, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारं खास ग्रीस भरलं. सिहोऱ्याच्या उन्हात त्या ग्रीसचं सार झालं. बंडी जिथून जिथून गेली तिथून तिथून रस्त्यावर रेघ, आणि रेघेमागे गावची कुत्री. बंडीवाला भांडायला आला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ग्रीस बराबर आहे. तुमचं हवामान चुकलं."

या माणसाला भीती म्हणून कशाची नव्हती, फक्त एक सोडून. मामांचे मोठे भाऊ म्हातारपणी सगळं विसरले होते. आधी चष्मा, मग वाट, आणि शेवटी तर स्वतःच्या बायकोला अदबीने विचारत, "बाई, तुम्ही कोनाच्या घरच्या?" मामांनी ते जवळून पाहिलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. केलेलं प्रत्येक काम ते मोठ्याने बोलून दाखवायचे. "नट कसला. वाशर टाकलं. झाकन लावलं." कोणी समोर असो नसो. अंघोळ करतानाही न्हाणीतून आवाज यायचा, "साबन झाली." मामी हसायची. एकदाच हसता हसता थांबून ती मला म्हणाली, "बोलू द्या जी. त्याईचं बोलनं बंद झालं तं समजा, मनातून भेले."

आता त्या पावसाळ्याकडे येतो. गाडी आणून बरीच वर्षं झाली होती आणि ती एकदाच, गावच्या कोरड्या रस्त्यावर, दहा-वीस हात चालली होती. पट्टा ज्या नायलॉनच्या पट्ट्यांवरून घसरतो त्या बर्फाच्या ओलाव्यावर जगतात. कोरड्यात त्या जळाल्या आणि धूर पाहून लोक बादल्या घेऊन धावले. शेवटी मामीने जाहीर केलं, "या रोवणीत चालली तं राहू द्या. नाही तं मी भंगारवाल्याले बलावते. मले तिथं कोंबड्या ठेवाच्या आहेत." मामा दोन दिवस गाडीभोवती फेऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी रोवणीसाठी चिखलणी केलेल्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, कडेला धुऱ्यावर उभे असताना त्यांना साक्षात्कार झाला. गुडघाभर मऊ, ओला, सपाट चिखल. तिथूनच मला फोन. "जवाईबापू, आपुन मूर्ख आहोत. चिखल म्हनजे काय? कोमट बर्फ!"

मी आणि बायको रोवणीच्या निमित्ताने गेलो. गाडी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी माझ्यासमोर पेट्रोल तयार केलं. या गाडीला, जुन्या मोपेडला लागायचं तसं, पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळावं लागतं. इंजिनाला आतून दुसरं वंगणच नाही. ऑइल नसेल तर लोखंड लोखंडावर घासणार. मामांनी मापाने ऑइल ओतलं, डबा हलवला आणि मोठ्याने म्हणाले, "तेल टाकलं. हालवलं. झाकन लावलं." मी शेजारी दाढी करत होतो. मी ते स्पष्ट ऐकलं.

दुपारी मामा रेडिओ लावून झोपले आणि मला खर्ऱ्याची, आमच्याकडच्या त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, तलफ आली. माझं तोंड पूर्ण उघडेना म्हणून डॉक्टरांनी दम दिला होता, आणि बायकोने मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून खर्रा सुटल्याचं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. सिहोऱ्यात घेतला असता तर पुडी बांधून व्हायच्या आत बातमी मामीच्या अंगणात. म्हणून तालुक्याला, तुमसरला जायचं ठरवलं. मोटरसायकलची टाकी कोरडी. समोर मामांचा डबा. मनात म्हटलं, घेऊ, येताना पंपावरून भरून आणू, होता तिथे ठेवू, कोणाचं काही नुकसान नाही. सगळा डबा माझ्या टाकीत रिकामा केला. वाटेत मोटरसायकल असा निळा धूर सोडत होती की मागचा सायकलवाला खोकत खोकत ओरडला, "अबे भाऊ, डास मारून राह्यला का?" तेव्हा तरी कळायला हवं होतं. आमच्या घरी मोपेड होती. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मी स्वतः ओतलेलं आहे. पण खर्ऱ्याच्या तलफेत माणूस किती बुद्धू होतो हे खर्रा खाणारालाच ठाऊक. येताना मी प्रामाणिकपणे डबा काठोकाठ भरून आणला. साधं, स्वच्छ, नुसतं पेट्रोल. जागेवर ठेवलं आणि मला आपण किती सचोटीने वागलो याचं समाधानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फौजेचं जाकीट, कानटोपी आणि डोळ्याला बर्फाचा काळा चष्मा लावून बांधीवर आले. दमट गरमीत त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता. शेजारच्या बांधीत रोवणीच्या बाया वाकलेल्या. त्या पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातात धरून सरळ उभ्या राहिल्या. मामांनी डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं. वास घेतला नाही, रंग पाहिला नाही. कशाला पाहतील? आदल्या दिवशी स्वतः तयार करून, बोलून ठेवलेलं होतं. मग मामीकडे वळून म्हणाले, "बस."

"मी?" मामी म्हणाली. "मी नाही बसत जी त्या आगबोटीवर."

"टूरिंगची गाडी आहे. दोघांची. एकट्यानं चालवली तं तिचा अपमान आहे."

मामीने आजूबाजूला पाहिलं, लुगडं खोचलं, आणि बसली. मामांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि ती गाडी, जिला सबंध गाव भंगार म्हणत होतं, खणखणीत आवाजात जिवंत झाली. ती चिखलावरून जी निघाली! मागे चिखलाचं कारंजं, ते थेट रोवणीच्या बायांवर. बाया ओरडताहेत, "अवो मामीजी, धरून बसा!" "अवो, चिखलात बुडाले चाल्ले का?" आणि मामी, जिला मी जन्मात खळखळून हसताना पाहिलं नव्हतं, ती मागच्या पाठीला टेकून, पदर तोंडात धरून हसत होती. मामांनी वळण घेताना एक हात वर करून सलाम ठोकला. कोणाला, देव जाणे. मी धुऱ्यावर टाळ्या वाजवत होतो. तेवढा वेळ मीही फार सुखी होतो.

अर्धी बांधी झाली आणि आवाज बारीक झाला. मग किंकाळी फुटल्यासारखा एक कर्कश सूर, आणि एकदम काही नाही. मामांनी दोरी ओढली. दोरी हलेना. पुन्हा ओढली. इंजीन आतून धरलं होतं, पार जाम. त्यांनी प्लग काढला, बोट फिरवलं, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, आणि चिखलात उभ्याउभ्या त्यांचा चेहरा असा झाला की बायांचं हसणं थांबलं.

"तेल नाही," मामा म्हणाले.

चपला हातात घेऊन मामी चिखलातून बाहेर आली. वाटेत ती सगळ्यांना सांगत होती, "अर्धी तं अर्धी, पन बसली मी." मामा मागून आले आणि थेट माझ्यासमोर थांबले. काळा चष्मा कपाळावर. आवाज अगदी हळू.

"जवाईबापू, काल सकाळी तुम्ही होते नं तिथं. मी तेल टाकलं होतं का?"

माझ्या शेजारी बायको उभी होती. माझ्या खिशात खर्ऱ्याची उरलेली पुडी होती. हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग पेट्रोल बदललं कोणी? मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, मामा."

मामांनी मान हलवली. दोनदा. "मंग नसनच टाकलं," म्हणाले.

त्यानंतर मी हजार वेळा ठरवलं. पुढच्या खेपेला सांगू, मंडईला गेलो की सांगू. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, तेव्हा पाहुणे जमतात, लोक सैल असतात, माझं बोलणं हसण्यावारी जाईल. दर वर्षी मंडईला जातो, रात्री दंडारीचं नाटक बघतो, मामीच्या हातचे वडे खातो आणि परत येतो. पहिल्या वर्षी सांगणं कठीण होतं, दुसऱ्या वर्षी त्याहून कठीण. एवढे दिवस गप्प का होता, या प्रश्नाला खर्रा हे उत्तर फारच लहान पडतं. खर्रा मी त्याच महिन्यात सोडला. बायकोला वाटतं तिच्या शपथेने सुटला.

गाडी भंगारात गेली नाही. मामीनेच जाऊ दिली नाही. भंगारवाला आपणहून दारात आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "ते माह्या फिरतीची गाडी आहे," आणि स्वतःचं जुनं लुगडं धुऊन तिच्यावर पांघरलं. कोंबड्या न्हाणीशेजारी राहतात. मामांनी मात्र त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही. आत काय जळालं असेल ते त्यांना माहीत आहे, पिस्टन आणि रिंगा मिळाल्या तर बसवताही येतील त्यांना. हात अजून तसेच आहेत. पण पाना उचलायला ते तयार नाहीत. कोणी मोटारपंप घेऊन आला तर म्हणतात, "दुसऱ्याले दाखव बाप्पा. माह्यं काही खरं नाही." तो माणूस म्हणतो, "असं काहून मामाजी?" मामा हसून विषय बदलतात. हवामान कोणाचं चुकलं, हे आता ते कोणालाच सांगत नाहीत.

गेल्या मंडईला सकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी स्वतः चहा केला, कप माझ्या हातात दिला, आणि स्वतःचा कप ओठाशी नेऊन थांबले. मामीला हाक मारून विचारलं, "मी साखर टाकली का वो?" मामी आतून म्हणाली, "टाकली जी, दोन चमचे. प्या." मग ते प्याले. सबंध सकाळभर ते अंगणात काही ना काही करत होते. दार लावलं, बादली भरली, कोंबड्यांना दाणे टाकले. सगळं बरोबर केलं, काहीच विसरले नाहीत. पण एकही काम मोठ्याने बोलले नाहीत. मामी माझ्याकडे पाहत नव्हती, आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, कारण ज्यांना सांगायचं त्यांना सांगण्याआधी एकदा तोंडातून निघतं का ते बघायचं होतं. निघालं. मामा चिडतील, बायको तर नक्कीच चिडेल, आणि मामी बहुधा मला परातीत बुडवेल. ते होऊ दे. धुऱ्यावर उभं राहून मामांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं. हो मामा, तुम्ही तेल टाकलं होतं. हे उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.